मदतीला दुसरा माणूस

ऑफिसात त्याला सगळे पट्टी म्हणायचे. पाणीपुरवठा खात्यात तो ड्राफ्ट्समन होता. बत्तीस वर्षं त्याने जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले आणि काढलेली रेघ कधी खोडावी लागली नाही, असा त्याचा लौकिक होता. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनीसुद्धा भाषणात 'आमचे पट्टी' असाच उल्लेख केला. घरी मात्र तो नुसता 'अहो' होता, आणि गेली दोन वर्षं तेही रोज संध्याकाळच्या आठ मिनिटांपुरतंच उरलं होतं.

बायको मुलीकडे गेली होती. मुलगी विमानाने सोळा तासांवर राहायची. बाळंतपणासाठी म्हणून बायको सहा महिन्यांकरता गेली. मग नातीला पाळणाघर मिळेना, मग जावयाची बदली झाली, मग घर लावायचं राहिलं. प्रत्येक कारण खरं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. रोज साडेसहाला तिचा फोन यायचा. "जेवण नीट होतंय ना?" "हो." "गोळ्या?" "घेतो." "नवीन काय?" "नेहमीचंच." मग नात काहीतरी बोलायची, ते त्याला कळायचं नाही, आणि तो म्हणायचा, "बरं, ठेवतो."

चार महिन्यांपूर्वी त्याने मोटरसायकल घेतली. लांबलचक, बसकी क्रूझर, पाय पुढे टाकून आरामखुर्चीत बसल्यासारखी चालवायची. ती एका डेंटिस्टची होती. त्याचे गुडघे गेले आणि गाडी दोन वर्षं आच्छादनाखाली पडून राहिली. पट्टी गेला होता दात दाखवायला आणि गाडी ठरवून आला. त्या संध्याकाळी बायकोला सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. आठवडाभराने सांगितलं असतं तर 'आठवडाभर का सांगितलं नाही' हाही प्रश्न आला असता. असं करत करत चार महिने गेले.

गाडीत त्याला एकच गोष्ट खटकायची, तिची चाकं. ओतीव, जाडजूड, पाच पाकळ्यांची. एवढ्या डौलदार गाडीला कुणी जात्याचे दगड बसवावेत तशी. एका दुपारी त्याने कागद घेतला आणि त्याला हवं तसं चाक काढलं. बारीक तारांचं, एका चाकाला साठ तारा, एकमेकींना छेदून मधल्या तुंब्यापर्यंत, हबपर्यंत, जाणाऱ्या. अशी चाकं मापाप्रमाणे बनवून देणारा कारखाना त्याने शोधला, सगळी मापं तीन-तीनदा घेऊन पाठवली, आणि दीड महिन्याने दोन मोठी खोकी आली. वॉचमनने विचारलं, "काय आहे साहेब यात?" पट्टी म्हणाला, "सामान." वॉचमनला वाटलं पंखे असावेत.

पुढचं चाक त्याने एका दिवसात बसवलं. मागच्याने घोळ घातला. नवा हब जुन्यापेक्षा तीन मिलिमीटर अरुंद निघाला, म्हणजे चाक एका बाजूला सरकणार आणि इंजिनाकडून येणारा, चाक फिरवणारा बेल्ट घासणार. नाक्यापलीकडे लेथवर काम करणारा एक टर्नर होता, त्याच्याकडून त्याने दोन स्पेसर करून घेतले, अंगठीसारख्या दोन पातळ चकत्या. टर्नरने त्या हातावर ठेवल्या आणि विचारलं, "बसवणार कोण?"

"मीच."

"आणि धरणार कोण?"

पट्टी हसला आणि चकत्या खिशात टाकून निघाला. गाडीच्या मॅन्युअलमध्येही मागच्या चाकाच्या प्रकरणात पहिलंच वाक्य होतं: या कामात मदतीला दुसरा माणूस असावा. मॅन्युअलमधलं दुसरं कुठलंही वाक्य त्याने ओलांडलं नसतं. पण बोलवायचं कुणाला? ऑफिसातले मित्र ऑफिसापुरते होते. बिल्डिंगमध्ये अठरा वर्षं काढली, पण येणंजाणं होतं ते बायकोचं. ती गेली तशी घराची बेल वाजायची बंद झाली.

बुधवारी दुपारी त्याने तळघरातल्या पार्किंगमध्ये, आपल्या खांबाशेजारी, गाडी जॅकवर चढवली. जुनं चाक निघालं. नवं चाक जागेवर सरकवलं, बेल्ट चढवला, एक स्पेसर बसवला. दुसरा बसवताना चाकातून आरपार जाणारा दांडा, एक्सल, अडला. त्याने रबरी हातोडीने हलकेच ठोकलं. मग जरा जोरात ठोकलं. त्यासरशी जॅक तिरका झाला आणि पावणेतीनशे किलोची गाडी अगदी सावकाश, जांभई दिल्यासारखी, त्याच्या अंगावर कलली.

त्याने खांदा लावला. पाठ खांबाला टेकली, उजवा हात फ्रेमखाली गेला, डावं पाऊल सायलेन्सरखाली अडकलं. सगळं वजन त्याच्यावर नव्हतं, तिरका झालेला जॅक कसाबसा तग धरून होता. पण आपण खांदा काढला की जॅक निसटणार आणि पाऊल जाणार, हे त्याला नकाशात दिसावं तितकं स्पष्ट दिसलं.

त्याने हाक मारली. "कुणी आहे का?" पाण्याचा पंप चालू होता, त्या घरघरीत आवाज विरून गेला. परत दोनदा मारली. मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकून कसंतरी वाटलं.

डावा हात मोकळा होता आणि फोन शर्टाच्या खिशात. बोटाला ग्रीस, त्यामुळे स्क्रीन दाद देईना. शर्टाला बोट पुसून त्याने कसाबसा आलेल्या फोनांच्या यादीतला सगळ्यात वरचा नंबर दाबला. यादीत वरपासून खालपर्यंत तो एकच नंबर होता.

"अहो? या वेळी?" बायको म्हणाली. तिकडे पहाटेचे पाच वाजले होते.

"उठवलं का तुला?"

"काय झालं ते सांगा."

"खाली पार्किंगमध्ये आहे. जरा अडकलोय."

"लिफ्टमध्ये?"

"नाही. मोटरसायकलखाली."

"कुणाच्या?"

"आपल्या."

"आपल्याकडे मोटरसायकल कधी आली?"

"चार महिने झाले."

"बरं," ती म्हणाली. "आधी तुम्हाला बाहेर काढू, मग बघू. लागलंय का?"

"पाय अडकलाय. सोडलं तर लागेल."

"वॉचमनचा नंबर द्या."

"माझ्याकडे नाही."

"सेक्रेटरींचा?"

"तोही नाही."

"अठरा वर्षं राहताय तुम्ही तिथे."

"ते सगळं तूच बघायचीस," तो म्हणाला. ते खरंच होतं.

तिने मुलीचा फोन घेतला आणि आपला चालूच ठेवला. त्याला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. "माझ्याकडचा वॉचमनचा नंबर जुना आहे, लागत नाही. सेक्रेटरीही उचलत नाहीत. थांबा, तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरला लावते."

"कोण सिस्टर?"

"हॉस्पिटलात आहे ती. तुमच्या पाठीत उसण भरली होती तेव्हा घरी येऊन इंजेक्शन दिलं होतं. चेहरा आठवणार नाही तुम्हाला, पालथे होतात." मग जरा वेळाने, "बंद आहे तिचा फोन. रात्रपाळी करून झोपली असेल. सोसायटीच्या ग्रुपवर टाकते."

"काय टाकतेस?"

"आमचे हे तळघरात मोटरसायकलखाली अडकलेत, कुणी असेल तर लगेच जावं."

"असं सगळ्यांना?"

"मग कसं टाकू? कवितेत?"

मेसेज गेला. दुपारचे साडेतीन, माणसं कामावर. कुणी पाहिलं नाही. पट्टीच्या खांद्यातून कळ दंडापर्यंत उतरली होती.

"गप्प बसू नका," बायको म्हणाली. "बोलत राहा."

"काय बोलू?"

"काय करत होतात ते सांगा."

म्हणून तो सांगायला लागला. आधी तुटक, मग सलग. डेंटिस्टचे गुडघे, ओतीव चाकं, कागदावर काढलेलं चाक, साठ तारा, प्रत्येकीचा ताण सारखा हवा, नाहीतर चाक डुगडुगतं. तीन मिलिमीटर कमी पडले ते.

"तीन मिलिमीटरने एवढं काय होतं?"

"घासतं. लगेच नाही कळत. हळूहळू बेल्टची कड जाते."

ती ऐकत होती. मधे मधे "हं" म्हणत होती. दोन वर्षांत एवढा वेळ तो तिच्याशी बोलला नव्हता. खरं तर त्याच्या आधीच्या किती वर्षांत, ते आठवलं नाही.

"मलाही एक सांगायचंय," ती म्हणाली. "रोज सांगायला जाते आणि तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणता. आज तुम्हाला ठेवता येणार नाही, म्हणून सांगते."

"सांग."

"पुढच्या महिन्याचं तिकीट मी रद्द केलं. तीन आठवडे झाले."

पंप बंद झाला. तळघर एकदम शांत झालं.

"नातीला बरं नाही का?"

"सगळे बरे आहेत. मला काम मिळालंय. इथे एक दुकान आहे, कपडे मापात करून देतात. कोट आत घ्यायचे, बाह्या आखूड करायच्या. दुकानाच्या बाई म्हणतात, तुझा हात फार साफ आहे. सकाळी चार तास जाते. तिथे मला माझ्या नावाने हाक मारतात. पहिल्या दिवशी मी बघितलंच नाही, म्हटलं दुसऱ्या कुणाला बोलावत असतील."

एरवी तो म्हणाला असता, बरं, ठेवतो. उठून खिडकीशी गेला असता, चहा टाकला असता. आता त्याला मानसुद्धा वळवता येत नव्हती. समोर नव्या चाकाच्या तारा होत्या, त्यांच्याकडे तो बघत राहिला.

"तू येणार नाहीस?"

"तसं नाही म्हटलं. आत्ता येणार नाही म्हटलं."

"माझ्यावर रागावून गेलीस का?"

"नाही हो. रागवावं असं काही तुम्ही कधी केलं नाही. तसं काहीच केलं नाही म्हणा."

त्याचा आवाज आतून वेगळाच आला. "मला इथे करमत नाही."

"मग सांगायचं ना. मी रोज विचारायचे नवीन काय. तुम्ही नेहमीचंच म्हणायचात."

"नेहमीच करमत नव्हतं," तो म्हणाला.

ती रडतेय की काय, त्याला कळलं नाही. फोनवर तिचं रडणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. समोर असतानाही बहुधा नीट ऐकलं नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला.

सिस्टर आली ती केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप, गाऊनवर ओढणी टाकलेली. मागून वॉचमन धावत आला. "काका, हलू नका," ती म्हणाली आणि वॉचमनला दुसऱ्या बाजूने हँडल धरायला लावलं. पेशंटला कुशीवर वळवताना करतात तशी तिने मोजणी केली, "एक, दोन, तीन," आणि दोघांनी मिळून गाडी सरळ केली. पट्टीने पाऊल बाहेर काढलं. तिने तिथेच फरशीवर बसून त्याचा बूट काढला, बोटं हलवायला लावली, घोटा दाबून पाहिला.

"मोडलं नाहीये. सुजेल. बर्फ लावा."

फोन अजून चालू होता. सिस्टरने तो उचलून बायकोला सांगितलं, "काकू, ठीक आहेत. हो. हो, तुमच्या मेसेजनेच कळलं, आत्ता फोन उघडला. नाही, आता मी आहे इथे." मग तिने फोन पट्टीकडे दिला, तोवर पलीकडून ठेवला गेला होता. बायकोची दुकानात जायची तयारी चालली असेल.

पट्टी उभा राहिला. "तुम्ही झोपा जाऊन, सिस्टर. फार उपकार झाले."

तिने अर्धवट बसलेल्या चाकाकडे बघितलं. "हे असंच ठेवणार?"

"उद्या बघतो."

"म्हणजे उद्या परत मला उठवणार. काय धरायचं ते सांगा."

त्याने जॅक पुन्हा नीट लावला. तिने चाक धरलं, वॉचमनने गाडी. पट्टीने एक्सलला ग्रीस लावलं, दुसरी चकती हाताने बसवली, आणि मघाशी हातोडीला न जुमानलेला एक्सल आता बोटाने ढकलताच सुळकन आत गेला. चाक किंचित वर धरलं गेलं होतं, एवढंच काय ते हवं होतं. टॉर्क पान्याने नट आवळला, चाक फिरवलं. ते आवाज न करता फिरत राहिलं. सिस्टर म्हणाली, "छान दिसतंय," आणि तोंडावर हात ठेवून जांभई देत जिना चढून गेली.

पुढचा आठवडा पाऊल सुजलं होतं. साडेसहाचा फोन आता रोज येईनासा झाला, कारण त्या वेळी ती कामावर निघायच्या घाईत असायची आणि आता आठ मिनिटं पुरत नव्हती. दोन-तीन दिवसांनी यायचा, कधी दुपारी, कधी सकाळी, आणि आला की अर्धा-पाऊण तास चालायचा. काही वेळा दोघांना बोलायला सुचायचं नाही, तरी कुणी ठेवायचं नाही. तिने पगारातून कात्री घेतली, तिचा फोटो पाठवला. त्याने विचारलं, "कधी येशील?" तिने पहिल्यांदा म्हटलं, "बघते." दुसऱ्यांदा म्हटलं, "तुम्ही या ना." तो म्हणाला, विचार करतो. खरंच करत होता, पण तिकडे आपण दिवसभर काय करणार, हे त्याला दिसेना. तिला दुकान होतं. त्याला तिथे कुठला रस्ता माहीत होता?

सूज उतरल्यावर तो एकटाच गाडी घेऊन निघाला. शहराबाहेर, मोठ्या जलवाहिनीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याने. ही वाहिनी त्याने तरुणपणी कागदावर काढली होती, जागेवर जाऊन कधी पाहिली नव्हती. गाडी सरळ, स्थिर पळाली. उन्हात पुढच्या चाकाच्या तारा दिसेनाशा होऊन नुसता उजेड फिरत होता. धरणाच्या भिंतीपाशी तो तासभर बसला. माणसं येत होती, फोटो काढत होती. एका जोडप्याने त्याला त्यांचा फोटो काढायला सांगितलं. काढून दिला. त्याचा कुणी काढू का विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

परतताना टर्नरकडे थांबला. टर्नरने उकिडवं बसून चकत्या बघितल्या, मान डोलावली. "नव्या तारा थोडं पळाल्यावर सैल होतात, साहेब. एकदा सगळ्या तपासा."

रविवारी सकाळी पट्टी तळघरात स्टूल टाकून बसला. तारेला पाना टेकवून हलकेच वाजवायचं. नीट ताणलेली तार छन् वाजते, सैल असली की आवाज बसका येतो. पुढच्या चाकाच्या साठ तारांत सात सैल निघाल्या, त्या त्याने आवळल्या. वरून कुणाच्या तरी घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. त्याने स्टूल मागच्या चाकाकडे सरकवलं आणि पहिली तार वाजवली.