भोंगा येतो का?

प्राचीच्या फोनमध्ये 'ब्रोकर' या नावाची सात माणसं राहत होती. ब्रोकर गॉगल, ब्रोकर टॉवर, ब्रोकर बुलेट, ब्रोकर उचलू नको, ब्रोकर उचलू नको दोन... घर शोधायला लागून चार महिने झाले होते आणि घरांपेक्षा घर दाखवणारेच जास्त पाहून झाले होते. लग्नासाठीसुद्धा इतकी स्थळं पाहावी लागली नसती, असं तिची आई रखमा म्हणायची, आणि विषय निघालाच आहे म्हणून लग्नाचंही त्यातच उरकून घ्यायची.

घर घ्यायचं कारण एकच होतं, तिच्या वडिलांचे, अप्पांचे गुडघे. घोडपदेवच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरची खोली, चौपन्न पायऱ्या, त्याही अशा उंच की बांधणाऱ्याने माणसं नाही, उंट राहायला येणार असं धरलं असावं. अप्पा चौऱ्याहत्तरचे. गेली दोन वर्षं ते महिन्यातून एकदा, डॉक्टरकडे जायला म्हणून खाली उतरत, तेही प्राचीच्या खांद्यावर हात ठेवून. नाक्यावर मंडळाचं बाकडं आहे. तिथे त्यांचा गिरणीतला दोस्त आनंदा रोज संध्याकाळी बसतो. अप्पा वरून गॅलरीतून हात करायचे, आनंदा खालून हात करायचा, झाली दिवसाची भेट. एकदा प्राचीने तो वर गेलेला हात पाहिला. "अप्पा, पाडव्याला तुम्ही एकटे खाली जाऊन त्या बाकड्यावर बसाल," असं ती बोलून गेली. बोलणं सोपं असतं. त्यांच्या घराण्यात मुंबईत विकतचं घर आजवर कोणी घेतलं नव्हतं, त्यामुळे कसं घ्यायचं हे विचारायलाही कोणी नव्हतं.

ब्रोकर टॉवर म्हणजे राजस. अठ्ठावीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. पण त्याच्याकडे परळला खरोखरच एक देखणा फ्लॅट होता. बारावा मजला, खोल्या बेताच्या, पण खिडकी भिंतभर, आणि मान तिरकी केली की दोन बोटं रुंदीचा समुद्र. प्राची त्या खिडकीच्या प्रेमातच पडली होती. एका रविवारी राजस अप्पांचा होकार घ्यायला चाळीत आला. पायऱ्या चढताना तो फोनवर बोलत होता, त्यामुळे पायऱ्या त्याला दिसल्याच नाहीत.

"पाणी?" अप्पांनी विचारलं.

"चोवीस तास, काका."

"ऊन?"

"फुल्ल! सकाळीपण, संध्याकाळीपण."

"मासळी?"

"खालीच बाजार. एकदम ताजी."

"देवळाची घंटा ऐकाक येता?"

"क्लिअर ऐकू येते, काका."

अप्पांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "आणि गिरणीचो भोंगो? तो येता काय? माका त्याशिवाय जाग येणा नाय."

"येतो ना काका! टायमावर येतो. टेन्शन नाय घ्यायचं."

मोरीत भांडी घासणाऱ्या रखमाच्या हातून टोप पडला. अप्पांची गिरणी प्राचीच्या जन्माआधीच बंद पडली होती. तिच्या जागी आता काचेची इमारत होती आणि आत सरकते जिने. राजस मात्र समाधानाने चहा पिऊन, "काकांचं ओके समजतो" म्हणत निघून गेला.

तो गेल्यावर नवरा-बायको डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. प्राचीला हसू आलं नाही. "एका भोंग्यावरून माणूस बाद करायचा? त्याला काय माहीत कुठली गिरणी नि कुठला भोंगा! आणि फ्लॅट मस्त आहे, अप्पा."

"फ्लॅट आसात मस्त. पण तो गाऱ्हाण्यातलो माणूस." गावाकडे देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा मागणं मागणारा एक असतो आणि बाकी सगळे त्याच्या प्रत्येक ओळीला मोठ्याने 'होय म्हाराजा' म्हणतात. "देवाकडे मागताना होय म्हणणारे व्हये, बाय. घर घेताना नाय म्हणणारो एक तरी व्हयो."

त्या दिवसापासून चाळीत येणाऱ्या प्रत्येक ब्रोकरला शेवटचा प्रश्न भोंग्याचा. ब्रोकर गॉगल म्हणाला, भोंगा आहे पण आवाज फार नाही. ब्रोकर बुलेटने, "भोंगा आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये पास करून घेऊ," असं वचन दिलं. प्राची दर वेळी कपाळाला हात लावायची, आणि रात्री हळूच तिरक्या समुद्राचा फोटो उघडून बघायची.

कालिंदीताईंचा नंबर दिला तो भायखळ्याला भाजी विकणाऱ्या शांताने. "ठाकूरद्वारची बाई हाय. तोंडानं कारलं, पण कागद वाचती," एवढीच शिफारस. कालिंदीताईंनी वीस वर्षं एका वकिलाकडे टायपिंग केलं होतं आणि लोकांची फसलेली खरेदीखतं टाइप करून करून कंटाळा आला, म्हणून स्वतःच घरं दाखवायला लागल्या होत्या. धापा टाकत त्या वर आल्या, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या, आणि नमस्काराच्या आधी म्हणाल्या, "चौपन्न."

प्राचीने पाण्याचा तांब्या पुढे केला. अप्पांनी नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर बाईंनी हात वर केला. "घर अजून ठरलं नाही, अप्पा. मग पाणी कुठल्या घराचं सांगू?"

"बरा. मग एकच सांगा. गिरणीचो भोंगो खय ऐकाक येतलो?"

कालिंदीताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हसल्या नाहीत. "कुठेच नाही, अप्पा. तो आता मुंबईत कुठेच येत नाही. तो येतो असं कोणी म्हणालं, तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवा."

अप्पांनाही उत्तर माहीत होतं, पण कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मग ते म्हणाले, "बस गो बाय. रखमा, च्या ठेव."

चहा येईपर्यंत बाईंनी उलट विचारलं, "दिवसभरात तुम्हाला जायचं कुठे असतं?" चार महिन्यांत, सात ब्रोकरांपैकी हे कोणी विचारलं नव्हतं. अप्पांनी गॅलरीतून बाकडं दाखवलं. खालून आनंदाने सवयीने हात केला. कालिंदीताईंनीही केला.

प्राचीला राहवलं नाही. तिने खिडकीचा फोटो पुढे केला. "ताई, हा कसा वाटतो?"

"हा माझ्याकडेही आहे. विकून दिला तर माझंही भलं होईल. पण शनिवारी अप्पांना घेऊन या. फ्लॅट नको बघायला. रस्ता बघू."

शनिवारी टॅक्सीने तिघं परळला पोचली. टॉवरच्या समोर रस्त्यापलीकडे बाग होती, बसायला बाकंही होती. राजसने ती बाराव्या मजल्यावरून दाखवली होती, तेव्हा फार जवळ वाटली होती. "आता सिग्नल सुटला की अप्पांच्या चालीने पलीकडे जायचं. हात धरायचा नाही," कालिंदीताई म्हणाल्या. माणसाचं हिरवं चित्र लागलं. अप्पा काठी टेकत निघाले. ते जेमतेम मधल्या दुभाजकाशी पोचले आणि चित्र लाल झालं. दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या. त्या मधल्या हातभर जागेत, कठड्याला धरून, अप्पा एकटेच उभे होते, आणि आपली भीती प्राचीला दिसू नये म्हणून उगाच होर्डिंग वाचत होते.

प्राचीला रडूच आलं. स्वतःचा राग आला. घर अप्पांसाठी शोधायचं आणि खिडकी आपल्यासाठी पसंत करायची, हे आपण इतके महिने करत होतो! अप्पांना अलीकडे आणल्यावर तिने तिथेच उभं राहून राजसला नकार कळवला. तोही बिचारा "नो प्रॉब्लेम मॅडम, होऊन जाईल" म्हणाला. काय होऊन जाईल, ते त्याचं त्याला ठाऊक.

पुढचे तीन महिने कालिंदीताईंनी प्राचीला घाईला आणलं. उलटंच प्रकरण होतं. गिऱ्हाईक हो म्हणायचं आणि ब्रोकर नाही. लालबागचं घर छान होतं, तर कागदांत एका वारसाची सही नाही म्हणून नाही. दुसऱ्या ठिकाणी लिफ्ट होती, तर ती कधीकधीच चालते असं वॉचमनकडून काढून घेतलं, म्हणून नाही. "ताई, तुम्हाला धंदा करायचाय ना?" प्राची एकदा वैतागून म्हणाली.

"करायचाय. म्हणून तर पाडव्याला तुझ्याकडून शिव्या नकोत, श्रीखंड पाहिजे."

आणि मग घर सापडलं, ते घोडपदेवलाच, दोन गल्ल्या सोडून, नाक्याच्या तोंडावर. जुनी पण भक्कम सोसायटी, पहिला मजला, वन रूम किचन. कालिंदीताईंनी कुलूप काढायच्या आधी दोष सांगितले. पाणी सकाळी सहा ते आठ. हॉलची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते. शेजारचे गृहस्थ पेटी वाजवतात आणि चुकीची वाजवतात. "आता चांगलं सांगते. कागद स्वच्छ आहेत. पायऱ्या अकरा, बुटक्या, दोन्ही बाजूंना कठडा. रस्ता ओलांडायचा नाही." प्राची स्वयंपाकघरात गेली. तिथल्या चिमुकल्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. बाकडं दिसत होतं.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर अप्पांनी नारळ हातात घेतला आणि चाळीतून आलेल्या सगळ्यांना उभं केलं.

"बा देवा म्हाराजा! माझ्या चेडवान आज ह्या घर घेतल्यान, त्येका तुझो आशीर्वाद ऱ्हवांदे!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. शेजारची पेटी क्षणभर दचकून थांबली.

"जी बाय नाय नाय म्हणत आमका हय घेवन इली, तिचा भला कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या घरात चोवीस तास पाणी येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"सहा ते आठ," कोपऱ्यातून कालिंदीताई म्हणाल्या. देवापुढेही बाईंनी सवलत दिली नाही. हसण्याच्या गलबल्यात नारळ फुटला, श्रीखंडाच्या वाट्या फिरल्या, आणि वाटी द्यायला प्राचीने पाहिलं तर अप्पा जागेवर नव्हते.

ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे धावली. खाली बाकड्यावर आनंदाच्या शेजारी अप्पा बसले होते. दोघं काही बोलत नव्हते. दोन वर्षं हात करून झाल्यावर आता शेजारी बसून काय बोलायचं, हे बहुधा दोघांनाही सुचत नव्हतं. प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलंही नाही.

"बाय गो!" अप्पांनी खालून हाक मारली. "माझो चष्मो वर रवलो!"

"आले, आणते खाली!"

"तू रव! मीच येतंय."

ती दारात येऊन उभी राहिली. जिन्यात काठीचा आवाज सुरू झाला. ती मनात मोजत होती. अकराव्याला अप्पा दारात आले, जरा धापावलेले, खुशीत. चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच होता.