भिंतीतले माझे टोक

मित्रांनो, बुटांच्या दुकानात शिरल्यावर तुम्ही खाली पायांकडे पाहता, वर कोणी पाहत नाही. म्हणून आपली ओळख नाही. मी एक जुनी तुळई आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, नदीपासून दोन गल्ल्यांवर, लूसी घराण्याच्या बुटांच्या दुकानाचे छत आणि वरच्या मजल्याची जमीन मी पेलून आहे.

माझे लाकूड बाल्टिक समुद्राकाठच्या जंगलातले. ते जहाजाने येथे आले, धक्क्यावर करवतले गेले आणि सव्वाशे वर्षांपूर्वी माझी दोन्ही टोके भिंतींत बसवली. तेव्हा लूसींचे घर दुकानावरच होते. खाली चामडे शिवत, वर बटाटे उकडत. माझ्यावर पाळणे हलले, नाच झाले. मग आताचा दुकानमालक फर्गल याच्या वडिलांनी शहराबाहेर बागेचे घर घेतले आणि वर उरली रिकामी खोकी. बावीस वर्षे कोणी खिडकी उघडली नाही. खालची पाटी नेमाने रंगवली जाई. छपराची पन्हळ मात्र कबुतरांच्या पिसांनी तुंबली. पाणी भिंतीत मुरले आणि रस्त्याकडचे माझे टोक कुजू लागले. बाहेरून मी टणकच दिसत होते. दुखणे फक्त मला ठाऊक होते.

गेल्या हिवाळ्यात नगरपालिकेने दुकानदारांना सांगितले, वरचे मजले राहण्याजोगे करा, आम्ही मदत करू. फर्गल तयार झाला. भाडेकरूही ठरली. समोरच्या बेकरीत पहाटेपासून कणीक मळणारी डर्व्हला आणि तिची आठ वर्षांची लेक म्युरन. दोघी डर्व्हलाच्या बहिणीकडे एका अडगळीच्या खोलीत राहत होत्या. बहिणीचे बाळंतपण जूनमध्ये. त्याआधी खोली सोडायची होती.

काम कॉन मल्काही या म्हाताऱ्या सुताराकडे होते. त्याचे गुडघे गेलेले, पण नाक शाबूत होते.

"फर्गल, हा कोपरा उघडून बघू दे. ओलीचा वास येतोय."

"बावीस वर्षं बंद होतं रे. वास येणारच."

"तुळईचं टोक बघितल्याशिवाय माझं मन मानत नाही."

"भिंत उघडलीस की महिना गेला. सोमवारी तपासणीवाले येणार आहेत. डर्व्हलाला तू काय तोंड दाखवणार?"

कॉनने हातोडा उचलला. मग त्याने कोपऱ्यावर फळी ठोकली. प्रत्येक खिळ्यागणिक मला वाटत होते, आता तरी हा थांबेल. तो थांबला नाही.

शनिवारी त्याच कोपऱ्यावर ठेवलेला अंघोळीचा जुना लोखंडी टब भरून पाहायचा होता. मे महिना होता, चर्चमध्ये मुलींच्या पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे पहिल्या प्रसादग्रहणाचा आठवडा. खाली दुकानात पांढरे बूट घ्यायला आयांची आणि मुलींची ही गर्दी. म्युरनही तिथेच बाकावर पाय हलवत बसली होती. वर नळ सुरू झाला. टब जसजसा भरू लागला, तसतसे माझे टोक भिंतीच्या खोबणीत चुरू लागले. मी करकरले. खालच्या गलक्यात ते कोणाला ऐकू जाणार?

पडद्यांचे माप घ्यायला डर्व्हला वर आली. बाह्यांना अजून पीठ होते. ती टबापाशी थबकली.

"कॉन, हा टब सरळ बसवलाय ना?"

"पाणसळ लावून बसवलाय, पोरी."

"मग पाणी असं का? इकडे काठाला आलंय, तिकडे चार बोटं खाली."

कॉनने नळ बंद केला. गुडघ्यांची पर्वा न करता तो खाली बसला आणि फळीवर तळहात टेकला. मी त्याच्या हाताखाली सरकत होते.

"बूच काढ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आता खाली जा, सगळ्यांना बाहेर काढ. पळू नकोस, पाय आपटू नकोस."

"आणि तू?"

"मी हललो तर तुळईला आणखी धक्का बसेल. जा."

खाली फर्गल एका मुलीच्या पायात बूट चढवत होता.

"फर्गल, दुकान रिकामं करा."

"आज? वेड लागलंय का तुला?"

"वरची जमीन खचतेय."

"अगं, आमच्या पोरीच्या एकाच पायात बूट आहे," एक बाई म्हणाली.

"एका पायानं चला," डर्व्हला म्हणाली आणि म्युरनला उचलून दारात उभी राहिली.

छतातून चुना गळला, पांढऱ्या बुटांवर पांढराच. फर्गलने वर पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. दोन्ही हातांनी तो मुलींना बाहेर काढू लागला. वर टब गुडगुडत रिकामा होत होता. कॉन तसाच बसून होता. मी एक बोट उतरले. मग अर्धे. मग ओझे सरले आणि मी थांबले.

तासाभरात माझ्याखाली लोखंडी टेकू लागले. संध्याकाळी भिंत उघडली. कॉनने खुपसलेला पेचकस मुठीपर्यंत माझ्यात गेला. त्याने काळा भुगा काढून फर्गलच्या तळहातावर ठेवला.

"भिंतीवरचा ओलीचा डाग मी पाहिला होता," फर्गल म्हणाला. "दोनदा रंग मारला वरून."

"आणि मी फळी ठोकली," कॉन म्हणाला.

"खाली माझी मुलगी होती," डर्व्हला म्हणाली.



काम सात आठवडे लांबले. माझा कुजका भाग कापला, नवे लाकूड पोलादी पट्ट्यांनी जोडले. तोवर मायलेकी फर्गलच्या बागेच्या घरी राहिल्या. त्याने स्वतःहून बोलावले. डर्व्हलाने नाइलाजाने मानले आणि तेव्हा ती हसली नाही. करारावर सही करण्याआधी तिने अट घातली: पन्हळ दर ऑक्टोबरात साफ व्हायला हवी, आणि त्या कोपऱ्यात छोटे दार ठेवायचे, म्हणजे माझे टोक दिसेल.

"भिंतीत दार? लोक हसतील, डर्व्हला."

"हसू देत."

आता माझ्यावर पुन्हा पावले वाजतात. मित्रांनो, तुमच्याही बाजारपेठेत दुकानांवरच्या खिडक्या बंद असतील. त्या उघडा, तिथे माणसे राहू द्या. पण वरून रंग मारण्याआधी भिंतीत हात घालून पाहा. आम्हाला बोलता येत नाही.

पहिल्या ऑक्टोबरात फर्गल बादलीभर पिसे काढून आला, दार उघडून त्याने मला चाचपले.

"कोरडी आहे," तो म्हणाला.

"सरका," डर्व्हला म्हणाली, "मला बघू द्या." आणि तिने स्वतःचा हात आत घातला.