शरयूताई शांत झाल्या

शरयूताईंच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या पाटणकर बाजाराला ठाऊक होतं. भाजीवाल्यापासून सुनेपर्यंत कोणी सुटलं नव्हतं. पण एकाहत्तरावं लागलं आणि त्या हळूहळू गप्प होत गेल्या. ग्वाल्हेरच्या भर उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, शाल मागू लागल्या. आवाज घोगरा झाला, बोलताना शब्द सापडेना, गॅसवरचं दूध विसरू लागल्या. साखरेचा आजार वीस वर्षांचा, त्यात मूत्रपिंडंही थकलेली. लोक म्हणाले, साठी बुद्धी नाठी, इथे तर सत्तरी उलटली.

त्यांना एकच धास्ती होती. सासूबाई शेवटी स्वतःचं नावसुद्धा विसरल्या होत्या आणि त्यांचं सगळं शरयूताईंनीच केलं होतं. आपलंही तसंच होणार, म्हणून त्या नवऱ्याजवळ रडल्या. मुकुंदरावांनी पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "वय झालं गं आता. मी आहे ना." त्या एका वाक्यावर बाईंनी दिवस काढले. स्वयंपाकघर सुनेच्या, गरिमाच्या हाती दिलं आणि मुलाच्या, समरजीतच्या संसारातच काय, घरातल्या कशातही मत देणं सोडलं.

मुकुंदराव सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झालेले. बायकोच्या आजाराची फाईलही त्यांनी कचेरीसारखीच ठेवली होती. कागदाला भोक, भोकात टॅग, वर तारीख. लिहिलेला कागद फाडणं त्यांच्या लेखी पाप होतं.

त्या मंगळवारी त्यांचा गुडघा धरला, म्हणून शरयूताई फाईल घेऊन एकट्याच सवारी टेम्पोनं बाड्याच्या चौकाजवळच्या दवाखान्यात गेल्या. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फाईल पहिल्या पानापासून वाचली.

"अम्मा, थायरॉईड की जाँच दोबारा करवाई थी?"

शरयूताईंना काहीच कळेना. बाईंनी कागद दाखवला. या वयात, जुन्या आजारात थायरॉईडचे आकडे कधीकधी तात्पुरतेही बिघडतात, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी लिहिली होती. तरीही बिघडलेलेच आले, तर गोळी सुरू करायची होती.

"ग्यारह महीने हो गए," बाई म्हणाल्या. "ठंड लगना, भूलना, सब इसी से हो सकता है."

रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. ग्रंथी पार मंदावली होती. गोळीनं बराच फरक पडेल, असं बाई म्हणाल्या.

घरी येऊन शरयूताईंनी दोन्ही कागद नवऱ्यापुढे ठेवले. "हे तुम्हाला माहीत होतं?"

विसरलो म्हणाले असते, तर त्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं असतं. तशी आशाच धरून त्या उभ्या होत्या.

"माहीत होतं," मुकुंदराव म्हणाले. "नेणारच होतो तुला. पण तोवर तू शांत झालीस. समरजीत आणि गरिमा तुझ्या किटकिटीनं परेशान होऊन वेगळं घर बघत होते, ते त्यांनी सोडून दिलं. घरात एकदम निवांत वाटायला लागलं. म्हटलं, पुढच्या महिन्यात जाऊ."

"आणि मी वेडी होतेय म्हणून रडत होते, तेव्हा?"

मुकुंदराव गुडघ्याला तेल चोळत राहिले.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. सुनेचा त्यांना राग आला नाही. वेगळं व्हायचं ते तिनं तोंडावर सांगितलं होतं. हा माणूस मात्र अकरा महिने रोज समोर बसून जेवला, त्यांना विझताना बघत राहिला, आणि त्याला बरं वाटत होतं. त्यांनी भांडायला तोंड उघडलं, पण घोगरा आवाज वर चढेना.

तेलाची वाटी बाजूला ठेवत मुकुंदरावांनी हळूच विचारलं, "गोळी घेतलीस की पुन्हा तशीच होशील का गं?"

त्यांचा चेहरा घाबरलेला होता. पश्चात्ताप त्यात औषधालाही नव्हता.

"होईन," शरयूताई म्हणाल्या. "आणि ऐकायला तुम्ही एकटेच असाल. समरजीतला आत्ताच सांगते, खुशाल वेगळं घर घ्या म्हणून."