न पोहोचलेले बोट

मित्रांनो, मी एक जुना एन्कोडर आहे. मला बघायला जाल तर सापडणार नाही, कारण मी फोनच्या पोटात बसतो. कॅमेऱ्याने टिपलेले सगळे चित्र जसेच्या तसे पाठवले तर नेटचा जीव गुदमरतो. म्हणून मागच्या क्षणापासून जे बदलले तेवढेच मी पाठवतो आणि बाकीचे गाळतो. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, एवढेच माझे शहाणपण.

माझा मालक हमीद कतारमध्ये, दोहाच्या अल मन्सूरा भागात राहतो आणि एसी दुरुस्त करतो. त्याचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीपलीकडे. त्याची नऊ वर्षांची मुलगी इनाया जन्मापासून ऐकू शकत नाही. बापलेक हातांनी बोलत. तळहात छातीकडे ओढला की ‘येतो’. त्यानंतर तर्जनी हलवली की ‘येत नाही’. चार वर्षे मी त्यांची एकही खूण हरवली नाही, आणि त्याचा मला फार गर्व होता.

मग फोनमध्ये नवी सुधारणा आली. नेट कमी असले तरी चेहरा स्वच्छ दिसावा, म्हणून माझ्या वाट्याचे बहुतेक नेट चेहऱ्याला बांधून दिले गेले. बाकीची बारीक हालचाल सोडून द्यायची, असा हुकूम झाला. हमीदच्या खोलीत राहणारा धनाजी खूश झाला. “हमीदभाई, काय क्लिअर दिसताय राव! फोटो काढल्यागत.” मीही फुशारलो.

बकरी ईदच्या तोंडावर हमीदची गावी जायची सुट्टी रद्द झाली. उन्हाळा कडक होता आणि मुऐदर भागातल्या व्हिलांमधले एसी धडाधड बंद पडत होते. त्याने इनायाला व्हिडिओ कॉल लावला. ती रडू नये म्हणून तो हसत होता. त्याने तळहात छातीकडे ओढला, मग तर्जनी हलवली. त्या वेळी खोलीतले सगळेच नेट वापरत होते. मी हसू पाठवले, तळहात पाठवला आणि तर्जनी गाळली.

इनाया हसली, तिने मान डोलावली. हमीदला हायसे वाटले. “पोरगी समजूतदार झाली रे,” तो धनाजीला म्हणाला. “आईला आता तीच सांगेल.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची बायको रिफत हिचा फोन आला.

“कुठं पोचलाव? पोरगी सकालपासून जेटीवर बसलीय. जेवली नाय.”

“मी तिला नाय म्हणून सांगितलेलं गो!”

“ती सांगते, बाबा येतो बोलले.”

चूक माझी होती, पण ते सांगायला मला तोंड नाही.

तेव्हापासून तो रोज कॉल लावतो. रिफत इनायाला समोर बसवते. इनाया डोळे मिटून घेते. तिला ऐकायचे नसले की ती एवढेच करू शकते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी मला सुधारायला बसलेच, तर माणसे कशाकशाने बोलतात ते आधी विचारा. माझे जे व्हायचे ते झाले आहे. काल नेट भरपूर होते. हमीदची दहाही बोटे मी स्वच्छ पाठवली. इनायाने डोळे उघडले नाहीत.