अंधाऱ्या पंधरवड्याचा बांबू

"सुया करनारे बी आता चोर झाले," मामाजी पुटपुटले. "सुईले नाकच ठेवत नाहीत."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर तुरीची डाळ निवडत बसले होते. सूत तिसऱ्यांदा सुईच्या बाजूनं निघून गेलं. मग त्यांनी सुई सुताच्या गुंडीत खोचली, गुंडी ओसरीच्या कडेला ठेवली आणि पाणी प्यायला उठले. हे आमच्यात ठरलेलं होतं, कोणी कधी न ठरवता. ते रांजणापाशी जाऊन येईपर्यंत मी सुई ओवायची आणि गुंडी होती तिथेच ठेवायची. परत येऊन त्यांनी बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "आता कसं आली वठणीवर." मला नाही, सुईला.

माझं नाव विमल. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते तोंडात घेतलं नव्हतं. ते मला आर्णीवाली म्हणायचे, आणि म्हणण्याची ढब अशी की आर्णीत माणसं नाही, डास राहतात.

आमचं गाव घाटंजीपासून दोन कोसावर, वाघाडी नदीच्या काठी. घरची शेती होतीच, पण मामाजींचं, पुंडलिकरावांचं, नाव होतं ते गरीच्या काठ्यांसाठी. मासे धरायची काठी कोणीही तोडून घेतो, तिला सूत बांधतो, गळ लावतो. मामाजी तसली काठी चुलीत घालायच्या लायकीची समजत. त्यांच्याकडे काठी मागायला आलेल्या माणसाला आधी भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. हात वर. पायाच्या अंगठ्यापासून वरच्या बोटापर्यंत सुतळीनं माप. मग मूठ वळायला लावायची आणि तिचा घेर घ्यायचा. मग विचारायचं, बसून धरता का उभ्यानं, मरळ धरता का वाम, राग लवकर येते का. रागीट माणसाला ते शेंड्याला लवचीक काठी देत, म्हणजे त्यानं हिसका दिला तरी मासा सुटणार नाही. मापाची सुतळी गाठ मारून आढ्याला टांगत. आमच्या आढ्याला अशी अर्ध्या तालुक्याची उंची लोंबत होती, त्यात मेलेलेही पाच-सात.

बांबू आमच्याच शेतातल्या नाल्यावरच्या बेटातला, भरीव. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या विस्तवावर शेकून सरळ करायचा, पेरापेराशी सूत गुंडाळायचं, त्यावर पळसाची लाख, मग जवसाच्या तेलाचे तीन हात. सूत गेल्या दोन वर्षांपासून मीच अर्धंअधिक गुंडाळत होते आणि तेल सगळं माझ्याकडे. मला ते काम आवडायचं. भाकरी थापताना उद्या पुन्हा थापायचीच आहे हे डोक्यात असतं. काठीला तेल लावताना तसं होत नाही.

आणि बांबू कापायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्याच्या पंधरवड्यात बांबूत गोड रस चढतो, तो कापला की घुण लागतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत. मामाजींना पंचांगाचा राग. भटाच्या कागदावर चांद उगवत नाही म्हणायचे. दिवेलागणीला अंगणात येऊन वर बघायचं, चांद नसला तर दुसऱ्या दिवशी कोयता काढायचा. चाळीस वर्षं त्यांचा एक बांबू किडला नव्हता.

आता जे सांगायचं ते सांगते. मामाजींना दिसत नव्हतं. अगदी अंधार नव्हता. दार कुठं, ऊन कुठं, हे कळे. माणूस ते पावलावरून ओळखत. पण डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही खाट कधी हलवत नव्हतो. ताटात मीठ नेहमी उजवीकडे. भाजीत मिरची असली तर आत्याबाई वाढताना मोठ्यानं सांगत की आज मिरच्या लंब्या चिरल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, रामीबाई. आणि माझा नवरा उकंडा. त्याच्या आधीची तीन वाचली नाहीत म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलला आणि नाव ठेवलं उकंडा. तेव्हापासून त्याचा स्वभावही तसाच राहिला. कोणी टाकलं तर पडून राहायचं, उचललं तर उठायचं.

कोणी बोलत का नव्हतं, तर मामाजींच्या बापाचे डोळे असेच गेले होते. गेले असं घरात कोणीतरी बोललं, त्याच दिवशी म्हाताऱ्याच्या हातातला कोयता काढून घेतला आणि गोठ्याच्या कोपऱ्यात त्याला दावी वळायला बसवलं. नऊ वर्षं त्यानं दावी वळली. कोयता काढून घेणारा हात मामाजींचा होता. म्हणून या घरात डोळ्यांचा विषय निघत नव्हता. निघाला की कोपरा तयारच होता.

त्या साली, म्हणजे महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या साली, पौषात मामाजींना ताप आला. पंधरा दिवस गोधडीत होते आणि दिवसांचा हिशेब हातून सुटला. माघात उठले. एके दिवशी दिवेलागणीला अंगणात आले, कमरेवर हात ठेवले आणि तोंड वर केलं. आत्याबाई तुळशीपुढे वात लावत होत्या. उकंडा बैल बांधत होता. माझ्या कमरेवर घागर होती. निंबाच्या अगदी शेंड्यावर अर्धा चांद होता, सोललेल्या लसणासारखा पांढरा. मामाजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग म्हणाले, चांद नाही, उद्या बांबू काढू.

आत्याबाईंनी वात सारखी केली, ती सारखीच होती तरी. उकंड्यानं बैलाची गाठ सोडून परत मारली. मी घागर घेऊन आत गेले. दुसऱ्या दिवशी बापलेकांनी वीस बांबू कापून आणले.

त्यातला सगळ्यात देखणा हरिसिंगचा झाला. हरिसिंग म्हणजे पलीकडच्या तांड्याचा नाईक, सहा फूट उंच, आवाज त्याहून उंच. त्याचं माप घ्यायला मामाजींना बाजेवर चढावं लागलं. वर सांगितली ती सुई ओवली त्याच्याच काठीसाठी. चैत्रात काठी घेऊन गेला तेव्हा ती तलवारीसारखी खांद्यावर टाकून गेला.

वैशाखात परत आला तो दोन तुकडे घेऊन. ओसरीवर टाकले ते मामाजींच्या पायापाशी. डोहावर पाच शेरी मरळ लागली होती म्हणे, सारा तांडा काठावर उभा होता, आणि काठी मधोमध तुटून पिठासारखी उडाली. मासा गेला तो गेला, लोक हसले ते वेगळं. "पाटील," तो म्हणाला, "तुमच्या हातची काठी म्हणून सांगत फिरलो. आता तांड्यात मले पीठगिरणी म्हणून राह्यले."

मामाजींनी तुकडा हातात घेतला. तुटलेल्या तोंडातून पिवळा भुसा त्यांच्या मांडीवर सांडला. त्यांनी तो चिमटीत धरून हुंगला. मग आढ्याखालच्या बाकीच्या बांबूंपाशी गेले आणि एकेकावर टिचकी मारत गेले. एकोणीसच्या एकोणीस पोकळ वाजले. मला वाटलं आता हे समजतील. घुण का लागतो हे त्यांच्याहून जास्त कोणाला माहीत होतं? त्यांना समजलंही असावं, कारण बराच वेळ ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. पण वळले तेव्हा चेहरा दगडाचा होता. तेल कोण लावते, त्यांनी विचारलं.

ते त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं. आणि आत्याबाईंनी लगेच उत्तर दिलं, जसं काही तयारच ठेवलं होतं. "तेल सून लावते. अन तवा थे बाजूची होती, मले वाटते. तशीच शिवली असन काठ्याइले."

बाजूची, म्हणजे विटाळशी, असताना मी ओसरीही चढत नाही, हे आत्याबाईंना माझ्याइतकंच ठाऊक. बाजूच्या खोलीत ताट सरकवून देणाऱ्या त्याच. पण घरात भोक पडलं होतं आणि त्यांना ते बुजवायचं होतं, हाताशी मी होते. हरिसिंगनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मामाजींच्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ, आणि पागोटं सावरून निघून गेला. त्यालाही बोलता आलं असतं.

त्या दिवसापासून माझ्या हाताला घुण लागला. आधी काठ्या बंद झाल्या. मग लोणच्याच्या कैऱ्या मला चिरू दिल्या नाहीत. मग ज्वारीच्या कणगीला हात लावायची बंदी, धान्यात किडे पडतील म्हणून. विहिरीवर बाया माझ्या हाताकडे बघून घागरी बाजूला सरकवू लागल्या. मी उकंड्याला म्हटलं, तुम्ही तिथे होता, चांद तुम्हीही पाहिला. तो म्हणाला, म्हाताऱ्याचा कोयता मी नाही काढून घेणार. मी म्हटलं, मग माझं काय काढून घ्याल? यावर त्यानं बैलांना पाणी पाजलं. दिवसातून तिसऱ्यांदा. बैलसुद्धा कंटाळले होते.

सगळ्यात मोठं अजून यायचं होतं, आणि ते येणार हे मला माहीत होतं. मृगात कपाशी पेरायची तर तिफणीमागे सरतं धरून बी सोडतात बायका. सरतं म्हणजे बांबूची नळी, वर वाटीसारखं तोंड. आमच्या घरचं सरतं मामाजींनीच केलेलं, आणि अकरा वर्षं बी सोडणारी मी. सगळ्या शिवारात माझी ओळ सारखी उगवते असं खुद्द आत्याबाई सांगायच्या, माझ्या पाठीमागे. ज्या बाईला घरच्या बियाण्याला हात लावू देत नाहीत, तिचं त्या घरात उरतं काय? स्वयंपाकही मग कोणी फार दिवस खात नाही.

पाऊस झाला. वाफसा आला. सकाळीच आत्याबाई अंगणात सरकीची पाटी घेऊन बसल्या आणि शेणमातीच्या काल्यात सरकी चोळू लागल्या, म्हणजे दाणे सुटे होतात. दोन्ही हात मनगटापर्यंत पाटीत. मी पदर खोचला, कोनाड्यातून सरतं काढलं आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. कोणी काही म्हटलं नसतं तर मी तशीच शेतात गेले असते.

मामाजी ओसरीवर होते. माझं पाऊल त्यांनी ओळखलं.

"थे सरतं ठेव," ते म्हणाले. "सोनीबाईले सांगून ठेवलं म्या. तांड्यातून येऊन राह्यली थे. तू बियाण्याले शिवू नको."

मी सरतं ठेवलं नाही. मग ते उकंड्याला म्हणाले की तिफण राहू दे, आधी बैलबंडी जुंप आणि हिला आर्णीला नेऊन घाल. पीक घरात येईपर्यंत इकडे आणायची नाही. उकंडा जू हातात घेऊन उभा होता. ते तिफणीला लावायचं का बंडीला, हे कोणी उचलून सांगायची वाट पाहत होता.

मी म्हणाले, मी बाजूची नव्हते. एवढंच. आवाज माझा मलाच नवा वाटला, कारण मामाजींपुढे मी अकरा वर्षांत उभ्यानं बोलले नव्हते.

"असं," मामाजी म्हणाले. ते खांबाला धरून उठले आणि पायऱ्या मोजत अंगणात उतरले. दोन, तीन. पाटीच्या वासावरून आत्याबाईंपाशी आले. "तुही सासू खोटी बोलते का मंग? इचार तिले. ह्या बियाण्यावर हात ठेवून सांगू दे तिले, का हिनं तशा हातानं काठ्या शिवल्या. सांग वं. बियाण्याची आण घेऊन सांग."

आमच्याकडे देवाची आण लोक दिवसातून चारदा घेतात. लेकराची घेतात, गायीची घेतात, आणि खोटी पडली तर नारळ फोडून मोकळे होतात. पेरायच्या बियाण्याची आण कोणी घेत नाही. ती खोटी पडली तर बी मातीत तसंच सडतं आणि वर्षभर घर उपाशी, असं मानतात. मामाजींनी मागितली ती माझ्यावर शिक्का मारायला. पण आत्याबाईंचे हात आधीच सरकीत होते. ठेवायचे राहिलेच नव्हते. त्यांनी ते काढायला पाहिलं, आणि अर्ध्यावर थांबल्या, कारण आता काढणंही उत्तरच झालं असतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं त्या बाईनं मला भाकरीच्या जाडीवरून, पदराच्या लांबीवरून, मुलगी झाली म्हणून आणि मग दुसरी झाली म्हणून बोल लावले होते. मला त्यांची दया यायचं काही कारण नव्हतं. तरी त्यांच्या कपाळावर शेणाचा एक ठिपका उडाला होता आणि हात अडकल्यामुळे त्यांना तो पुसता येत नव्हता, हे मला बघवेना. मी खाली वाकले आणि माझ्या पदरानं तो पुसला. माझा हात घुणाचा, तो त्यांच्या कपाळाला लागला. त्या सरकल्या नाहीत.

"सांग ना वं," मामाजी म्हणाले. "काहून बोलत नाही?"

"थे बाजूची नोहती," आत्याबाई म्हणाल्या.

"मंग घुण कायनं लागला?"

त्यांनी सरकीत बोटं घट्ट मिटली. आवाज चढवला नाही. जेवायला वाढताना मिरच्यांचं सांगत, तशाच बोलल्या.

"चांद होता त्या दिवशी, उकंड्याचे बाबा. निंबाच्या शेंड्यावर होता. आमी तिघाइनं पायला. तुमाले दिसत नाही. दोन सालापासून दिसत नाही."