न विचारलेले पुरवणी प्रश्न

आमचे खासदार धर्मराजभाऊ यांचा शेतीवर जीव होता आणि लग्नांवर त्याहून जास्त. अंबरनाथ पूर्वेला त्यांचं कार्यालय. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर तिथला पत्रव्यवहार मी बघायचो, आणि त्यात निम्म्या लग्नपत्रिकाच असायच्या.

अठ्ठ्याऐंशी साली बदलापूरपलीकडचा जनू आला. एका रसायन कारखान्याचं पाणी ओढ्यातून त्याच्या खाचरांत शिरलं होतं, उभं भात जळालं होतं आणि भरपाईसाठी पंचनामा कुणी करत नव्हतं. मी पाण्याचा तपासणी अहवाल मिळवला, लोकसभेसाठी प्रश्न लिहिला, भाऊंनी सही केली. प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो, त्यात आमचा प्रश्न त्याच्या दिवसाच्या यादीत चक्क दुसरा निघाला. म्हणजे मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागणार आणि भाऊंना वर पुरवणी प्रश्न विचारता येणार. लेखी उत्तरात मंत्री निसटतो, पुरवणीत सापडतो. मी तीन पुरवण्या ठळक टाइप केल्या. इतका खूश मी निवृत्तीच्या दिवशीही नव्हतो.

नेमकी त्याच तारखेची पत्रिका जनूने भाऊंच्या घरी नेऊन दिली. विठाचं, त्याच्या मुलीचं लग्न. भाऊंनी दिल्लीचं तिकीट रद्द करायला सांगितलं. मी वाद घातला.

"पंत," भाऊ शांतपणे म्हणाले, "संसदेत नाही गेलो तर कुणाला कळतंय? लग्नाला नाही गेलो तर आठ गावांना कळतं."

जनूला सांगावं असं मनात आलं होतं. पण लग्नघरात कुठे मोडता घालायचा, म्हणून गप्प बसलो. ते माझं चुकलंच.

अकराच्या मुहूर्ताला भाऊंनी अक्षता टाकल्या आणि शेतकऱ्यांच्या हालांवर पंधरा मिनिटं बोलले. जनूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडे दिल्लीत भाऊंचं नाव पुकारलं गेलं, कुणी उठलं नाही, सभागृह तिसऱ्या प्रश्नाकडे गेलं. छापील उत्तर मात्र कागदोपत्री राहिलं: पाणी ठरलेल्या मर्यादेत आहे, पिकाला धोका नाही.

दिवाळीच्या सुमारास भात पुन्हा जळालं. तहसिलीत जनूच्या हातात त्याच उत्तराची प्रत ठेवून त्याला परत पाठवलं. तो ती घेऊन माझ्याकडे आला. मी वाचून दाखवली, पुरवणी म्हणजे काय तेही सांगितलं.

"मंग भाऊ बोललं का नाय? त्या दिशी व्हतं कुठं?"

मी कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"तुझ्या विठाच्या मांडवात."