आवाज मुक्त नव्हता

महाडच्या बाजारपेठेत मुकुलचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मुकुलला तत्त्व झालं. एखाद्याला कावीळ होते तसं. सहाही मशीनवर त्याने विंडोज काढून लिनक्स, म्हणजे कुठल्याच कंपनीच्या मालकीची नसलेली प्रणाली, चढवलं आणि दारावर पाटी लावली : 'येथे फक्त मुक्त सॉफ्टवेअर'. लोक मुक्त म्हणजे फुकट समजून आत येत आणि फी ऐकून बाहेर जात.

गाणी आणि व्हिडिओ चालवायला लिनक्सवर कोणता प्लेअर निवडावा, यावर त्याचा महिनाभर अभ्यास चालला होता. पोलादपूरच्या शिक्षकांपुढे त्याला निकाल मांडायचा होता. एक प्लेअर सगळं वाजवायचा, पण त्यातला आवाजाचा तुकडा कुठल्याशा कंपनीच्या मालकीचा. तो बाद. दुसरा संपूर्ण मुक्त होता. त्यात चित्र दिसायचं.

गुरुवारी सव गावाहून जहांआरा आली, सोबत मुलगी अम्बरीन. नवरा अजमल बोटीवर कामाला. बोटीवर चढण्याआधी त्याने दुबईहून कोणाच्या तरी हाती सीडी धाडली होती. आता दोन महिने फोन नाही.

"हिच्यासाठी पोरगा बघितलाय त्यांनी तिकडं, ताबिश नावाचा. कसा हाय ते ह्यात सांगितलंय," जहांआरा म्हणाली. "घरच्या मशीनवर लागत नाय. उद्या जुम्म्याला पावणे येतायत, हो का नाय सांगायचंय. पोराची रजाच धा दिवसांची."

मुकुलने सीडी लावली. अजमल दिसला. ओठ हलले.

"आवाज?" अम्बरीनने विचारलं.

"पाच मिनिटांत येईल. पण भाभी, तो आवाज मुक्त नसेल."

"म्हंजे पैसे पडतील?"

"पैशाचं नाही हो, तत्त्वाचं आहे. मुक्त आवाज यायला चार-सहा महिने लागतील."

"बिरवाडीत लावतात ना?" अम्बरीन म्हणाली.

"लावतात की. सॉफ्टवेअर चोरीचं."

जहांआराने डोक्यावरचा पदर सावरला. "चोरीचं नको गो. शुभकाम हाय."

पडद्यावर अजमलने मूठ वळली, अंगठा तोंडाला लावला आणि मान मागे टाकली. दोनदा.

"शरबत!" जहांआरा ओरडलीच. त्यांच्या घरात लग्न ठरलं की आधी शरबत प्यायचं. "शरबत पाजा म्हणतायत गो!"

"अब्बा हसत नायत, अम्मी."

"बोटीवर जाणारा माणूस हसंल कशाला?"

मुकुललाही ते पटलं. चित्र फारच स्वच्छ होतं. त्याने फाईलची एक प्रत ठेवून घेतली. शुक्रवारी शरबत झालं, आठवड्यात निकाह लागला, क्लासवर मिठाईचा डबा आला.

डिसेंबरात मुक्त आवाज आला. पोलादपूरच्या एका शाळेत, चाळीस शिक्षकांपुढे, मुकुलने तीच फाईल लावली. अजमलचा अंगठा तोंडाकडे गेला आणि आवाज मागच्या भिंतीपर्यंत खणखणीत पोचला :

"सकाळपास्नं पितो. प्याला की मारतो. खोलीतल्या पोराचा हात मोडलाय त्यानं. आपली अम्बरीन द्यायची नाय. ऐकतेस ना?"

टाळ्या पडल्या. ओठ आणि आवाज अगदी जुळत होते.

पहिल्या बाकावरच्या देवश्रीबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "सर, ही अम्बरीन कोण? दिली नाही ना तिला?"

मुकुलने प्लेअरच्या तक्त्यात 'आवाज' या रकान्यात 'उत्तम' लिहिलं, मग वर पाहिलं.

"बाई, ही चाचणीची फाईल आहे."